इस्पिन्स्टर

आत्याला हळद लागली ती अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात. अक्षता मात्र पडल्या नाहीत. घडलं ते एवढंच, आणि त्यानंतरची बारा वर्षं आमच्या घरात अशी एक बाई वावरत होती की तिला नेमकं काय म्हणायचं ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. बोरीपासून दोन कोसांवर आमचं गाव. आम्ही धनगर. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि मेंढरं कातरली की त्या लोकरीचं सूत काढायचं काम. आत्या ही वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. तिचं लग्न चुडाव्याकडच्या एका घरात ठरलं होतं. नवरा मुलगा तिनं पाहिलेला नव्हता आणि त्यानंही तिला पाहिलेलं नव्हतं. पाहणं, पसंत करणं, सुपारी फोडणं ही घरातल्या पुरुषांची कामं होती आणि ती त्यांनी केली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आत्यालाही वाटलं नसावं.

आमच्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्याच्या अंगाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावतात. चुडाव्याहून दोन माणसं ती हळद घेऊन आगगाडीनं परभणीला आली आणि तिथून बैलगाडीनं आमच्या गावी. पितळेची वाटी होती, वरून फडकं बांधलेलं. बायकांनी गाणी म्हणत ती आत्याला लावली. तिच्या कानामागं लागलेली हळद बरेच दिवस निघाली नव्हती, एवढं मला आठवतं. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड यायचं होतं. ते आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडचा एक माणूस आला. मांडवाच्या बाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, नवरदेव सापडत नाही. बाशिंग आणायला पूर्ण्याला जातो म्हणून स्टेशनावर गेला, तो परतलाच नाही.

त्या वर्षी आमच्या मुलखात माणूस नाहीसं होण्याचं फारसं नवल नव्हतं. निजामाचं राज्य जायच्या बेतात होतं, सगळीकडे धामधूम होती, कित्येक घरं कुलपं लावून हैदराबादच्या हद्दीबाहेर सरकली होती. नवरदेवाबद्दल ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. कुणी म्हणे गाडीखाली आला. कुणी म्हणे त्याच्या मनात दुसरीच पोरगी होती. कुणी म्हणे तो वऱ्हाडात पळाला. त्यावर गावातल्या एका शहाण्यानं विनोद केला की वऱ्हाड इकडं आलं नाही आणि नवरा वऱ्हाडात गेला. वडिलांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं ते कायमचंच.

मांडव आठवडाभर तसाच उभा होता. आंब्याची पानं वाळून खाली पडायला लागली तेव्हा माझ्या आईनं तो कुणाला न विचारता सोडला आणि त्याची लाकडं चुलीत घातली. आत्यानं त्या लाकडांवर भाकरी केल्या. मी त्या खाल्ल्या. तेव्हा मला काहीही वाटलं नाही. आज लिहितानाही काही वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणून मी स्वतःला दोष देत बसत नाही. काही गोष्टी माणसाच्या अंगावरून जातात आणि तिथली कातडी मेल्यासारखी होते, चिमटा काढला तरी कळत नाही. आमचं सगळं घरच तसं झालं होतं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या चुन्यानं पुसून त्यांवर मराठी अक्षरं आली. लोक म्हणाले, आता गेलेली माणसं परत येतील. काही आलीही. आत्याचा नवरा आला नाही. नवरा म्हणावं की म्हणू नये, हाच तर घोळ होता.

ती विधवा नव्हती, कारण तो मेल्याची खबर नव्हती. सवाष्ण नव्हती, कारण गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. कुवार म्हणावं, तर परक्या पुरुषाची उष्टी हळद अंगाला लागलेली. सोडलेली म्हणावं, तर धरलं कुणी होतं? गावातल्या बायकांनी तोडगा काढला आणि तिला 'हळदीची' म्हणायला लागल्या. "हळदीची आली का गं पान्याला?" "हळदीचीला सांग, दळन न्यायलेव म्हनून." आधी तिच्या माघारी म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागल्या. ती ओ देई. तिचं खरं नाव घरातही हळूहळू बंद पडलं.

लग्नकार्यात हळद दळायला पाच सवाष्णी बसत, त्यांत तिला बोलवत नसत. विधवा बायका मागं भिंतीशी बसत, त्यांच्यातही ती बसत नसे. ती घरीच राहायची. कपाळाला कुंकू लावावं तर बायका बोलणार, न लावावं तर भुंडं कपाळ बघून माझी आई रडणार. तेव्हा तिनं देवाचा भंडारा लावायला सुरुवात केली. भंडारा म्हणजे हळदीचीच पूड, पण ती देवाची. ती पुरुषांनाही चालते, बायकांनाही, नवरा असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. तिच्या कपाळाकडं बघून कुणाला काही ठरवता येत नसे. हे तिनं विचार करून केलं की सहज, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बाकी वेळ ती कातत बसे. ओसरीच्या कोपऱ्यात तिचा चरखा होता. पिंजलेल्या काळ्या लोकरीचे पेळू एका टोपलीत, चातीवर भरलेलं सूत दुसऱ्या टोपलीत. तिचं सूत काही जगावेगळं नव्हतं. चार बायकांचं असतं तसं होतं, कधी बारीक, कधी जाड. जिंतूरकडचा घोंगड्या विणणारा ते न्यायला यायचा तेव्हा थोडी कुरकुर करायचा आणि न्यायचा. पण ती थांबत नसे. घरात भांडण होवो, पाहुणे येवोत, कुणी मरो, चरख्याची घरघर चालू. वडील कधी कधी वैतागायचे.

"जरा बंद कर की ते."

"बंद करून काय करू?" ती विचारायची. मग वडीलच उठून मेंढरांकडं जायचे.

पुढं मी परभणीला हायस्कुलात गेलो. मी हुशार होतो म्हणून नव्हे. मेंढरांमागं जायला थोरला भाऊ होता आणि माझा घरात काही उपयोग नव्हता म्हणून. आमचे इंग्रजीचे मास्तर मूळचे मराठीच, पण सगळं शिक्षण उर्दूतून झालेले. राज्य बदललं तसा त्यांना मराठीतून शिकवायचा हुकूम झाला. घरात बोलण्यापुरतं त्यांचं मराठी चांगलं होतं. पण अर्थ सांगायचा म्हटला की ते आधी उर्दूत जात आणि तिथून मराठीत येत. इंग्रजीचा एकेक शब्द असा वळसा घेऊन आमच्या वहीत पोचायचा. त्यांना शब्दांच्या मुळाशी जायचा मोठा नाद होता. परीक्षेत ते कधी विचारलं जात नसे, म्हणून पोरं त्या वेळी पेंगत.

एका शनिवारी सकाळच्या शाळेत त्यांनी फळ्यावर माणसांना लावायचे शब्द लिहिले. बॅचलर, विडो, ऑर्फन. शेवटचा शब्द होता स्पिन्स्टर.

"स्पिन्स्टर," ते म्हणाले. "यानी, बिनब्याही औरत. लग्नाचं वय निघून गेलं, लग्न झालं नाही, अशी बाई."

वर्ग हसला. एकानं उठून विचारलं, "सर, अशी बाई असती?"

त्याचा प्रश्न खरा होता. आमच्यापैकी कुणीच तशी बाई पाहिलेली नव्हती. आंधळी, लंगडी, कोड फुटलेली, सगळ्यांची लग्नं होत. वाईट होत, पण होत. लग्न न झालेली थोराड बाई ही आमच्या मुलखात हत्तीसारखीच ऐकून माहीत असायची गोष्ट होती.

मास्तरांनी हसू दिलं आणि मग मुळाशी गेले. स्पिन म्हणजे कातणं. मागचं 'स्टर' हे शेपूट काम करणारीचं. म्हणजे शब्दाचा अर्थ कातणारी, बस. फार पूर्वी तिकडं कातणाऱ्या कुठल्याही बाईच्या नावापुढं हा शब्द लावत, लग्नाची असो की बिनलग्नाची, जसं आपण सुतार म्हणतो, कुंभार म्हणतो. पुढं असं झालं की कातून पोट भरणाऱ्यांत नवरा नसलेल्याच बायका जास्त. मग शब्द हळूहळू त्यांच्याकडं सरकत गेला. कोर्टाच्या कागदांतसुद्धा बिनलग्नाच्या बाईच्या नावापुढं तोच शब्द लिहायची रीत पडली. मग गिरण्या आल्या, कातणं संपलं.

"काम गेलं," मास्तर म्हणाले. "नाव चिकटून राहिलं. आता प्रत्येकानं एकेक वाक्य करा."

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "माय आंट इज अ स्पिन्स्टर."

पोरं पुन्हा हसली. मास्तर हसले नाहीत. "कातते?" त्यांनी विचारलं.

"जी. लोकर कातते."

"आणि लग्न?"

"हळद लागली सर. अक्षता पडल्या नाहीत. नवरदेव आलाच नाही."

त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि बोटं झटकली. म्हणाले, "मग तिला हा शब्द लागू नाही."

"मग कोणता सर?"

"कोणताच नाही. उर्दूत नाही, इंग्रजीत नाही. तुमच्या मराठीत असेल तर मला सांग. बस खाली."

मी बसलो. मला राग आला होता. मास्तरांचा नाही, हसणाऱ्या पोरांचाही नाही. इतके जाडजूड कोश, इतक्या भाषा, निजामाचं राज्य जाऊन नवं राज्य आलं, आणि ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या एका बाईला पुरेल एवढा एक शब्द कुणाकडं नाही, याचा राग आला होता. तो फार वेळ टिकला नाही. दुपारी जेवलो आणि झोपलो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आत्या कातत होती. बोलायला काही नव्हतं म्हणून, मास्तर लागू नाही म्हणाले होते तरी, मी तिला शब्द सांगितला.

"आत्या, तुझ्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे."

"माज्यासाटी?" चाक फिरवता फिरवता ती म्हणाली. "इंग्रजांनी मला कवा बगितलं?"

"स्पिन्स्टर."

"इस्पिन्स्टर," ती म्हणाली. आमच्याकडं शाळेचं इस्कूल होतं आणि स्टेशनाचं इस्टेशन, तसंच याचंही झालं. "म्हंजी काय?"

"म्हणजे कातणारी."

"सायेबाच्या बायका कातायच्या?"

"पूर्वी कातायच्या. आता गिरण्या झाल्या. आता ज्या बाईचं लग्न झालेलं नाही तिला म्हणतात."

आत्यानं चाक थांबवलं. मला वाटलं आता रडते की काय. मी उगाच बोललो असं झालं. पण ती विचारात पडली होती.

"अन् तिला कातता येत नसलं तरी?"

"तरीही."

"एक पेळू हातात धरला नसलं तरी?"

"तरी."

"मंग लबाडीच हाय की," आत्या म्हणाली आणि हसली. दात दाखवून हसली. अठ्ठेचाळीसनंतर मी तिला तशी हसताना पाहिलं ते तेवढंच. "त्यांच्यापरीस मीच खरी इस्पिन्स्टर. मला कातायला तरी येतंय."

सुट्टी संपेपर्यंत ती अधूनमधून तो शब्द तोंडात घोळवी. शेळी बांधताना, चुलीपुढं. एकदा पाणवठ्यावर कुणी "हळदीची" म्हणून हाक मारली तेव्हा तिनं ओ दिली नाही असं माझी बहीण सांगत होती. मी त्याकडं लक्ष दिलं नाही. परभणीला परत गेलो.

मधल्या काळात आमचं राज्य आणखी दोनदा बदललं. आधी आम्ही हैदराबादमधून मुंबईत गेलो, मग मुंबई राज्यातून महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी गावात मिठाई वाटली आणि भाषणं झाली. आम्ही होतो तिथंच होतो. आत्या ओसरीच्या कोपऱ्यात होती.

साठ साली, उन्हाळा संपता संपता, चुडाव्याकडची माणसं आली. नवरदेवाची आई, त्याचा चुलता आणि तिकडचा एक जाणता माणूस. गाडीनं परभणी, एसटीनं बोरी आणि पुढं पायी. म्हातारी फार थकली होती. आल्या आल्या ती ओसरीच्या पायरीशी भिंतीला टेकून बसली आणि तिनं पाणी मागितलं. पाणी आत्यानंच दिलं. म्हातारीनं तांब्या घेताना तिच्याकडं पाहिलं.

बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की तो गेला असं धरतात आणि त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, मग त्याचं क्रियाकर्म होतं. त्यासाठी ती माणसं आली होती. अंगणात लिंबाखाली घोंगडी अंथरली. आमच्या गावचे पंच आले. मी मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात घरी बसलो होतो, मलाही बाजूला जागा दिली. ओसरीवर आत्याचा चरखा चालू होता.

आमच्याकडच्या सगळ्यांत वयस्क पंचानं घसा साफ केला. "हे बगा, पुतळा जाळायचा म्हंजी त्याच्या मागं कोन कोन हाय ते आदी ठरलं पायजे. बायकू हाय का न्हाई? उष्टी हळद लागल्याली हाय, ती न्हाई म्हनता येत न्हाई. बायकू असंल तर पोरीनं बांगड्या फोडायच्या अन् सासूकडं जायचं. म्हातारी येकटी हाय, तिचं करायला मानूस पायजे. अन् बायकू नसंल, तर पोरगी कुवार हाय. मंग घरात ठिवून जमनार न्हाई. पालमकडचा बिजवर तयार हाय, येत्या लगनसराईत उरकून टाका."

म्हणजे एकतर विधवा, नाहीतर नवरी. ज्या माणसाला पाहिलं नाही त्याच्या नावानं रांडाव व्हायचं, नाहीतर चार पोरांच्या बापाशी बाशिंग बांधायचं. तिसरी वाट नव्हती. दोन्हीकडं आत्यानं या ओसरीवरून उठून जायचंच होतं. चरख्याचा आवाज तोवर थांबला होता. तो थांबलेला अंगणात सगळ्यांना ऐकू आला.

सगळे वडिलांकडं बघायला लागले. वडील जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. "तिलाच इचारा," ते म्हणाले.

"बाईमानसाला काय इचारायचं त्यात?"

"बारा वर्सं न इचारताच बसलाव की आपन सगळे," वडील म्हणाले. "काय झालं त्यानं?"

आत्याला बोलावलं. ती ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, कपाळाला भंडारा, हातात अर्धा कातलेला पेळू तसाच. पंचानं आवाज मऊ केला.

"बोल माय. भिऊ नगंस. तू कोन हायस? त्याची बायकू हायस का कुवार हायस? तू म्हनशीला तसं करू."

आत्यानं पेळू दुसऱ्या हातात घेतला. मग खाली बघतच, पण स्पष्ट म्हणाली, "मी इस्पिन्स्टर हाय."

म्हातारा पंच पुढं वाकला.

"काय हाय?"

"इस्पिन्स्टर."

"इनिस्पेक्टर?" एकानं कानाला हात लावला. "न्हाई, मिनिस्टर म्हन्ली," दुसरा कुजबुजला. चुडाव्याच्या जाणत्या माणसानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि सरसावून बसला. कलेक्टर, रजिस्टर, मिनिस्टर, अशा शेपटाचे शब्द गेल्या बारा वर्षांत आमच्या खेड्यांत पुष्कळ येऊन गेले होते, आणि त्यांतला एकही साधा निघाला नव्हता. म्हाताऱ्या पंचानं माझ्याकडं मान वळवली.

"तू शिकल्याला हायस. काय म्हनायली ही?"

मी म्हणालो, "इंग्रजी शब्द आहे. कातणारी बाई, असा अर्थ आहे."

"सरकारी हाय का?"

"कोर्टाच्या कागदात बाईच्या नावापुढं लिहितात."

हे खरंच होतं. मी त्यात माझ्या पदरचं काही घातलं नव्हतं.

"कोनत्या बाईच्या? नवरेवालीच्या का नवरा मेलेलीच्या?"

"नवरा मेलेलीला निराळा शब्द आहे. हा तो नाही."

"मंग कुवारच झाली की. मंग लगीन लावाया पायजे."

"तसं शब्दात नाही, मामा," मी म्हणालो. "शब्दात एवढंच आहे की तिनं कातायचं."

म्हाताऱ्यानं दुसऱ्या पंचाकडं पाहिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. न समजणाऱ्या शब्दापुढं आमच्याकडची माणसं नीट वागतात, ती जुनी सवय आहे. फार्शीतले हुकूम दोनशे वर्षं गावात आले, वाचून दाखवले गेले, कुणाला कळले नाहीत आणि सगळ्यांनी पाळले. आता इंग्रजीतला एक आला होता, एवढंच.

"कोर्टाच्या कागदात असंल," शेवटी म्हातारा म्हणाला, "तर आपन कामून हात घालावा त्यात? बगू म्होरं." बाकीच्यांनी माना हलवल्या. बगू म्होरं म्हणजे काय ते आमच्याकडं सगळ्यांना कळतं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. चहा झाला. घोंगडी गुंडाळली गेली. वडील तसेच बसून राहिले. त्यांचे डोळे कोरडे होते, फक्त हातातली काडी मोडली होती.

मला आनंद झाला का? झाला असावा. पण तो कुठंतरी लांब, दुसऱ्याच घरात झाल्यासारखा वाटला.

पाहुणे निघायच्या बेतात असताना नवरदेवाची आई भिंतीचा आधार घेऊन उठली. ती ओसरी चढून आत्याच्या चरख्यापाशी गेली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता बोल लावणार. बाईची सून गेली होती, सांभाळणारं माणूस गेलं होतं.

"तू कातती न्हवं, माय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"जोशीबुवा म्हनला, पुतळा लोकरीच्या दोऱ्यानं बांदायचा आसतुय. दुसरा चालत न्हाई. आमच्याकडं आता कुनी कातत न्हाई." ती थांबली. "थोडा देशीला?"

आत्यानं टोपली पुढं ओढली आणि त्यातला सुताचा एक गुंडा काढला. "किती लागंल?"

"मानसाएवढा पुतळा करत्यात. डोक्यापास्नं पायापत्तूर गुंडाळायचा."

आत्यानं गुंड्याचं टोक शोधून काढलं आणि ते बोटांत धरून बसली. धागा सुटेना. म्हातारी वाट बघत होती. मीही दारात उभा राहून बघत होतो.

"केवढा व्हता?" आत्यानं विचारलं.

म्हातारीला कळलं नाही. "काय केवढा?"

"उंचीला," आत्या म्हणाली. "मी कुटं बगितलंय त्यांना."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. तिनं आपला हात स्वतःच्या डोक्याच्या वर नेला आणि धरला. मग थोडा खाली घेतला. मग डोळे मिटले, आणि पुन्हा वर नेला, पहिल्यापेक्षाही जरा वर, आणि तिथंच धरून ठेवला.

"एवडा," ती म्हणाली. "गेला तवा एवडा व्हता."

आत्याही उठून उभी राहिली. धाग्याचं टोक तिनं म्हातारीच्या त्या हातात दिलं, गुंडा सोडत खाली वाकली आणि दुसरी बाजू जमिनीला लावून पायाच्या अंगठ्याखाली दाबली. काळा धागा दोघींच्या मध्ये ताणला गेला. आत्यानं खालून वरपर्यंत बघितलं. सावकाश बघितलं, जमिनीपासून म्हातारीच्या हातापर्यंत.

"उंच व्हते की," ती म्हणाली.

तिनं धागा तोडला नाही. तो पुन्हा गुंड्याला गुंडाळला आणि आख्खा गुंडा म्हातारीच्या ओटीत घातला.